पल्लवीचा पगार आणि गॅसवरचा कुकर

परवा सकाळी भिलाईतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी थोडा वेळ एका कंपनीची मॅनेजर झाले होते... मी, मॅट्रिक पास बाई, जी आजवर एकदाही विमानात बसलेली नाही.

झालं असं की आमची मुलगी पल्लवी को-पायलट आहे. तिकिटाच्या विमानावर नाही, एका कंपनीच्या छोट्या जेटवर. मालक आणि त्यांचे साहेब लोक मीटिंगला जातात ना, ते विमान. रायपूरला उभं असतं, म्हणून तीही तिथेच राहते, जमलं की घरी येते.

पहिलं वर्ष तिने ट्रेनी पगारावर काढलं. आता नवा करार व्हायचा होता, आणि कंपनीने नावाला वाढ देऊन तीन वर्षांचा बॉण्ड पुढे केला. तिच्या बरोबरीच्यांना दुसरीकडे बराच जास्त पगार आहे. आकडे इथे लिहीत नाही, तिने बजावलं आहे.

तिच्या ट्रेनिंगमध्ये यांच्या रिटायरमेंटचा पैसा गेला, वर बँकेचं कर्ज. घरचा हिशोब मीच लिहिते, त्यामुळे हप्ता गेल्यावर पोरीच्या हातात काय उरतं ते मला माहीत आहे... एकदा सही केली की तीन वर्षं तेच.

मॅनेजर साहेबांचा फोन येणार होता आणि पल्लवी ओट्यापाशी फोन उलटसुलट करत उभी. ढगांतून विमान काढणारी पोरगी, पण पगार मागायचा म्हटलं की मागे सरते.

"जे देऊन राहिले ते घे बेटा," हे म्हणाले.

यांचंही चुकत नाही. सारी नोकरी इथल्या स्टील प्लांटमध्ये झाली. तिथे आपला पगार आपण मागत नाही. युनियन बसते, करार होतो, एरिअर्स येतात, आपण फक्त पेढे आणायचे. प्लांटच्या कॉलनीत, आमच्या सेक्टरमध्ये, सगळी घरं अशीच. मग मागायचं कसं, हे पोरीला शिकवणार कोण?

मी म्हटलं, "मी मॅनेजर. माग मले."

ती हसली, पण लागली बोलायला. "सर, माझ्यावर लोन आहे... बाबा रिटायर झाले..."

"हे पाहा मॅडम," मी डाळ धुता धुता म्हटलं, "कर्ज आमाले विचारून घेतलं होतं का?"

"सर, प्लीज, थोडं तरी वाढवा ना..."

"चला, पाचशे वाढवले. खुश?"

"आई, यार! तू तो मॅनेजर से भी खतरनाक है!"

आता इथल्या सुपेल्याच्या बाजारात भाव करण्यात माझा जन्म गेला. तिथे मी एक पाहिलं आहे... जो विकणारा आपली अडचण सांगत बसतो, त्याला गिऱ्हाईक आणखी पाडून मागतं. जो माल दाखवतो, भाव सांगतो आणि गप्प बसतो, त्याच्यापुढे माझंही काही चालत नाही.

म्हणून कुकर गॅसवर चढवून मी विचारलं, "घरचं राहू दे. तू तिथे करते काय, ते सांग."

आणि मग ती जे बोलली ते मला नवीन होतं. फोन आला की दोन तासांत विमानापाशी हजर व्हावं लागतं, म्हणून भिलाईच्या पुढे कुठे जाताच येत नाही. नागपूरच्या लग्नाला ती आली नव्हती आणि मी रुसले होते, ते यामुळे... साहेबांची मीटिंग लांबली की परक्या गावी दिवसभर वाट पाहायची. सामान चढवणं, साहेबांचं जेवण आलं का पाहणं, इंधन भरताना उभं राहणं, हवामानाची माहिती काढणं, सगळं को-पायलटनेच. उडवायचं ते वेगळंच.

वर्षभर पोरगी हे करत होती आणि मी फोनवर फक्त जेवली का, एवढंच विचारत होते.

"मग हे सांग ना! कर्जाचं कावून सांगून राहिली?"

"आपल्याच तोंडानं आकडा सांगायले लाज वाटते आई."

"संकल्प सोडताना नाव, गोत्र, गाव, काय पाहिजे, सारं स्पष्ट सांगतो ना आपण? देवापुढे लाजत नाही, अन् मॅनेजरले लाजते?"

तेवढ्यात खराच फोन आला.

तिने स्पीकर लावला. कर्जाचं नाव नाही, बाबांचं नाव नाही. वर्षभर काय काय केलं ते सांगितलं. महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या, थांबून राहिलेल्या दिवसाचा भत्ता, बॉण्ड कमी, सगळं शांतपणे मागितलं. शेवटी आकडा सांगितला... आणि गप्प झाली.

तिकडूनही आवाज नाही.

माझं लक्ष कुकरकडे गेलं. पुरी वाफ धरली होती, शिटी आता होणार की मग होणार. त्या शांततेत शिटी झाली असती तर ही दचकून 'थोडं कमी चालेल सर' म्हणाली असती. माझी पोर मला माहीत आहे. मी हळूच गॅस बंद केला. हे दारात पेपर घेऊन उभे, पानही उलटेनात. मनात कुलदेवीचं नाव सुरू होतं...

"मॅडम, पूरा तो नहीं हो पाएगा," शेवटी साहेब बोलले. "लेकिन छुट्टी और भत्ता मान लेते हैं. बॉण्ड दो साल. सैलरी भी बढ़ा देंगे."

मागितला तेवढा पगार नाही मिळाला, पण देत होते त्याहून बराच वर. काल सगळं लेखीही आलं.

"युनियनबिगर अ‍ॅग्रीमेंट केलं पोरीनं!" म्हणत हे परवा फोन ठेवल्याबरोबर चप्पल घालून पेढे आणायला निघाले. मी मागून ओरडले, पाव किलोच आणा.

देवीपुढे साखर ठेवली, हात जोडले. मागायची बुद्धी तिनेच दिली, आणि गप्प राहायची पण.

कुकर परत लावला, पण डाळ काही नीट शिजली नाही, जरा कच्चटच राहिली. पल्लवीने दोनदा मागून घेतली.