मावशीचं शिकवायचं लायसन्स

माझी मावशी कुणावर तरी रागावली नाही असा एकही चौक नागपुरात उरलेला नाही. इंडिकेटर न देता वळणाऱ्यांवर ती रागावते, आणि इंडिकेटर देऊन न वळणाऱ्यांना तर पुढच्या सिग्नलपर्यंत गाठून कारण विचारते. इतवारीत मागे न बघता हातगाडी वळवणाऱ्या एका माणसाला तिने इतका वेळ समजावून सांगितलं, की त्याने गाडीच्या दांडीला आरसा बांधून घेतला. तो आरसा मी स्वतः पाहिला आहे, दाढीचा आहे. मावशीने अठरा वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली. त्या मुलांना पाढे येवोत न येवोत, ‘आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण’ हे ती झोपेतही म्हणत, असं त्यांचे आईवडील सांगायचे.

बाबा गेल्यावर त्यांची गाडी आमच्या अंगणात कव्हर घालून उभी होती. आईने, म्हणजे मावशीच्या मोठ्या बहिणीने, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती चालवायची असं ठरवलं. मावशीकडे शिकायचं म्हणजे रोज बोलणी खायची, म्हणून तिला पत्ता लागू न देता आईने एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. महिनाभर ती रोज फिरून येई आणि छान जमतंय म्हणून सांगे. लायसन्सही मिळालं. मग एका सकाळी तिने एकटीने बाबांची गाडी सुरू केली, आणि ती फाटकापर्यंत पोचायच्या आत पाच वेळा बंद पडली. आई खाली उतरली, कव्हर पुन्हा घातलं आणि संध्याकाळी मावशीला म्हणाली, “माझ्यातच अक्कल नाही वं.”

हे वाक्य मावशीला सहन झालं नाही. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरा प्रकार कळला. महिनाभर क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्याच्याच पायाखाली होते. आई नुसती स्टिअरिंग धरून बसायची, आणि तो मोबाइलवर बोलता बोलता गाडी हाकायचा. दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन त्या स्कूलमध्ये गेली आणि तिने त्याला विचारलं, “गाडी माझी बहीण चालवून राहिली होती का तू?” त्याने मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, “काकू, तुमच्याजवळ शिकवायचं लायसन्स आहे का?”

तिथून आम्ही सरळ परिवहन कार्यालयात गेलो. शिकवायचं लायसन्स हवं तर गाडी चालवल्याचा अनुभव पुरत नाही, मोटार दुरुस्तीच्या कोर्सचं सर्टिफिकेटही लागतं, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. “अठरा वर्षांत एकाही लेकराले खरचटलं नाही. त्याचं सर्टिफिकेट कुठं भेटते?” मावशीने विचारलं. तसं सर्टिफिकेट नसतं, असं त्या बाई जरा ओशाळूनच म्हणाल्या. मावशीने चोपन्नाव्या वर्षी कोर्सला नाव घातलं. पहिल्याच दिवशी तिथल्या एका गृहस्थाने, तिचं वय बघून, तुम्ही फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही पाहू, असं सुचवलं. हा तिला सगळ्यांत मोठा अपमान वाटला. त्या स्कूलवाल्याला कुणी पास केलं ते आता समजलं, असं ती आठवडाभर भेटेल त्याला सांगत होती. त्यानंतर सबंध वर्षात तिने एक दिवस खाडा केला नाही. तिने आमचा मिक्सर उघडला, स्वतःचा पाण्याचा पंप उघडला, शेजाऱ्यांचा कूलर त्यांना विचारून उघडला. त्यातला पंप अजून चालतो. चुलतभावाच्या लग्नात तिने पिशवीतून जुनी क्लचप्लेट आणली होती. पंगतीत ती हातोहात फिरली, आणि वराचे वडील तेवढा वेळ जिलबी हातात धरून थांबले.

पन्नाशी उलटलेली बाई हातात पाना धरते म्हणून कुणी हसलं, की माझंच डोकं फिरायचं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या गाडीची स्टेपनी कुठे असते हेही ठाऊक नव्हतं.

मावशी पास झाली. लायसन्स मिळालं, आणि घराजवळच्या एका लहानशा स्कूलने तिला घेतलं. पहिली विद्यार्थिनी अर्थात आई. मैदानावर गाडी उभी करून मावशी शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसली. म्हणाली, “माझे पाय दिसून राहिले ना, ताई? आता जे होईन ते तुह्याच पायानं.” गाडी बंद पडली. पुन्हा पडली. सातव्यांदा ती हलली आणि आई लहान मुलीसारखी हसली. रस्त्यावर आल्यावर मावशीने पाय खाली घेतले, पण तोंडाला विश्रांती दिली नाही. वळणावळणावर आईने बोलणी खाल्ली आणि शिकली.

या हिवाळ्यात आई एकटीच काटोलला मैत्रिणीकडे गेली, बाबांची गाडी घेऊन. मावशी सकाळीच स्कूटरवरून येऊन आमच्या ओसरीवर बसली होती. कुणावर रागावली नाही, पेपरही उलटाच धरला होता. फोन आला. आई पोचली होती, मैत्रिणीने संत्री काढून ठेवली होती, आई त्या संत्र्यांचीच हकिकत सांगत राहिली. मी फोन ठेवला.

“मले काही विचारत होती का गा?”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं झालं,” मावशी म्हणाली. “आता तिले विचारायची गरज नाही.” पदराने चष्मा पुसून ती उठली, आणि काम आहे असं सांगून निघाली. मी कपबशी आत ठेवून बाहेर आलो, तर तिची स्कूटर आमच्या फाटकाशीच उभी होती, किल्ली लावलेली. आणि मावशी पार रस्त्याच्या टोकाशी, कडेकडेने पायी चालली होती.