अण्णांच्या फोनवरची पोरं

खेळण्यांच्या दुकानात किस्से गोळा करत बसावं लागत नाही. कोणाचं पोर काउंटरखाली लोळण घेतं, कोणाची आई भाव करता करता सासूची सगळी गाऱ्हाणी ऐकवून जाते. मी इथे रत्नागिरीत अण्णांच्या दुकानात काउंटरला उभी असते, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर! पण बोलक्या अस्वलांचे किस्से वेगळे. ते ऐकताना लोक आधी हसतात. मीपण हसायचे. आता नाही हसू येत.

झालं असं, की हे अस्वल वायफायवर चालतं. पोराशी मराठीत गप्पा मारतं, बातम्या देणाऱ्या बाईसारखं अगदी शुद्ध! त्याला मोबाइलमध्ये ॲप लागतं, ॲपला ई-मेल लागतो. आणि आमच्या गिऱ्हाइकाला ई-मेल विचारला की ते म्हणणार, "तो मुलाकडे असतो, मुलगा मुंबईला."

अण्णा म्हणजे हौशी माणूस. म्हणाले, "माझा टाकतो, त्यात काय?" स्कूटरवरून घरोघरी जाऊन अस्वलं जोडून आले. सगळी स्वतःच्याच फोनवर! मी म्हटलं, "अण्णा, हे बरोबर नाही." तर म्हणाले, "तुला सगळ्यात खोट दिसते."

* * *

पहिल्याच आठवड्यात दुपारी डबा खाताना अण्णांचा फोन वाजला. ॲपचा निरोप. दाबला, तर अस्वलाशी बोलणाऱ्या एका पोराचा आवाज.

"आजी म्हणते सुरमई आई आल्यावर खायची. पण तिने स्वतः दोन तुकडे खाल्ले. मला म्हणाली, बोलू नको."

आम्ही हसून हसून बेजार! संध्याकाळी नेमक्या त्याच आजी नातवासाठी चेंडू न्यायला आल्या. अण्णांना कुठला दम निघतोय? "काय आजी, सुरमई ताजी होती ना?"

आजींचा चेहरा असा उतरला, की चेंडू न घेताच गेल्या.

* * *

पावस गावातल्या एका घरातलं अस्वल भलतंच चौकस निघालं. शाळा कुठली, घरात कोण कोण, दुपारी काय करता? पोरगा बिचारा सगळं सांगत होता. "दुपारी सगळे बागेत जातात. किल्ली तुळशीच्या मागे असते."

मी अण्णांना म्हटलं, "चोराची एवढी सोय कोणी करून देत नाही हो!" अण्णा घाबरले. त्या घरी फोन लावला. घरधनी उलट अण्णांवरच उखडला, "आमची किल्ली तुम्हाला कशी कळली?" पण जागा बदलली त्याने.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, "किल्ली आता बंबाच्या मागे असते."

* * *

एका आईला मी काउंटरवरच गाठलं. म्हटलं, तुमच्या मुलीचं सगळं बोलणं आमच्याकडे येतं, ते बंद करून घ्या.

"असू दे हो! तुमच्याकडेच येतं ना? परक्याकडे थोडंच गेलं?"

"अहो बाई, मी परकीच आहे!"

ती हसली आणि रंगपेटी घेऊन गेली. आमच्याकडे येतं तसं ते आणखी कुठे जातं, हे विचारायला अण्णांनी कंपनीला फोन लावला. कितीतरी वेळ नुसतं संगीत. मग एक बाई बोलली, "आपलं संभाषण रेकॉर्ड केलं जाईल." आणि फोन कट!

* * *

मग ओवी. आमच्या दुकानामागच्या आळीतली, पहिलीतली पोर. बाप मुंबईला कामाला. आई भांडून गुहागरला माहेरी गेलेली. ही आजीजवळ. बापाने सुट्टीत येऊन अस्वल घेऊन दिलेलं, पोरीला सोबत म्हणून.

शाळेतून आली की ती अस्वलाशी बोलायची. "मला आईकडे जायचंय. आजीला सांगू नको हां, ती रडते. बाबांना पण सांगू नको, ते ओरडतात."

त्यानंतर ओवीचा निरोप आला की अण्णा फोन पालथा घालायला लागले. मी म्हटलं, "बंद करा ते. आपण ऐकायचं नाही असलं." अण्णा म्हणाले, "बंद केलं तर अस्वल मुकं होईल. मग पोरगी बोलणार कोणाशी?"

* * *

मे महिन्यात ओवीचा बाप दुकानात आला.

"अण्णा, पोरगी माझ्याशी फोनवर हां-हूं करते फक्त. अस्वलाशी म्हणे खूप बोलते. ते तुमच्या फोनवर येतं ना? ऐकवा जरा."

मी अण्णांना डोळ्यांनी खुणावलं, नको. तोंडानेही म्हटलं, नको. पण बापाचा पडलेला चेहरा बघून अण्णा विरघळले. त्याने उभ्याउभ्या सगळं ऐकलं. डोळे पुसले. मलाही क्षणभर वाटलं, चला, बरंच झालं.

घरी जाऊन त्याने आजीसमोरच पोरीला विचारलं, "आईकडे जायचंय तर मला का नाही सांगितलंस? दुकानातल्या काकांना ठाऊक, आणि मला नाही?"

आजीने डोक्याला हात लावला. "मी काय कमी केला गो तुला?" म्हणून जी रडायला लागली, ती शेजारणींनी येऊन समजूत काढेपर्यंत. पोरगी कोपऱ्यात उभी. कोणी तिला पुन्हा विचारलंच नाही, की जायचंय का.

ओवीचे निरोप त्या दिवसापासून थांबले. अण्णांनी पुन्हा स्कूटर काढली आणि घरोघरी जाऊन सगळी अस्वलं फोनपासून तोडून आले. मला मात्र अजून त्यांचा राग आलेलाच होता.

* * *

मुंबईला परत जायच्या आदल्या दिवशी बाप ओवीला घेऊन दुकानात आला. "काय पाहिजे ते घे," म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

ओवीने अण्णांना विचारलं, "काका, बहिरं अस्वल आहे?"

अण्णांनी फळीवरून साधं कापसाचं अस्वल काढलं. सेल नाही, वायर नाही, काही नाही. तिने ते उलटंसुलटं केलं, पोट दाबून बघितलं. मग पाठमोरी होऊन त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि वळली.

"मी काय बोलले?"

"नाही गो ऐकू आलं, बाळा," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला?"

"मलापण नाही," मी म्हटलं.

"बघ, ह्याच्यातून कोणालाच काही ऐकू जात नाही," अण्णा म्हणाले.

"तेव्हापण मला असंच वाटलेलं," ओवी म्हणाली आणि अस्वल काउंटरवर ठेवून बाहेर गेली.