शिकलगाराचं विमान

भोरच्या बाजारपेठेतून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी मुबारक शिकलगार बसायचा. दुकान म्हणजे दोन फळ्या, वर पत्रा आणि सायकलच्या सांगाड्यावर बसवलेलं धारेचं चाक. पायाने पॅडल मारलं की चाक फिरायचं, लोखंड टेकवलं की ठिणग्या उडायच्या. वीज गेली की समोरची पिठाची गिरणी गप्प व्हायची, शेजारचं झेरॉक्स गप्प व्हायचं. मुबारकचं चाक चालूच. बोळात तेवढा एकच आवाज उरायचा आणि तो त्याला आवडायचा.

तरुणपणी हेच चाक खांद्यावर घेऊन तो वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर फिरला होता. नसरापूरला एसटी सोडायची आणि पुढे चालत जायचं. विळे, कोयते, कुऱ्हाडी, सुतारांच्या करवती. अंधार पडला तर ज्याच्या घरी धार लावली त्याच्याच पडवीत आडवं व्हायचं. त्या डोंगरातली एकेक चढण त्याच्या गुडघ्यांना पाठ होती. बापाकडून त्याला जमीन मिळाली नाही, एक नियम मिळाला. धार लावलेलं लोखंड कोरडं हातातून सोडायचं नाही. तेलाची चिंधी एकदा फिरवायची, मगच मालकाच्या हातात द्यायचं. कोरडं लोखंड गंजतं, आणि तो गंज शिकलगाराच्या नावावर लागतो.

दुकानामागचा जिना चढलं की घर. तिथे कॉम्प्युटर आला तो मुलामुळे. कामरान पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. कुणीतरी टाकून दिलेलं एक मशीन त्याने चालू केलं आणि भोरला आणून ठेवलं. पुढेमागे फॉर्म भरून द्यायचा धंदा काढू, असा त्याचा विचार. त्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचा विमान उडवायचा खेळ तसाच राहून गेला होता. एका दुपारी मुबारक त्याच्यासमोर बसला, आणि फॉर्म भरायचा धंदा तिथेच संपला.

मुंबईहून विमान उचलायचं आणि आग्नेयेला वळवायचं. थोड्या वेळाने खाली सह्याद्री यायचा, चुरगळलेल्या गोणपाटासारखा. गावं नव्हती, वाड्या नव्हत्या, धूर नव्हता, माणूस नव्हतं. पानशेतचं पाणी असावं तिथे एक निळा डाग, भाटघरचं असावं तिथे दुसरा. त्या दोन डागांच्या मधल्या गोणपाटात त्याचं सगळं तारुण्य होतं. उभ्या आयुष्यात त्याने ते डोंगर खालून पाहिले होते. आता ते त्याच्या खाली होते आणि त्याचे गुडघे दुखत नव्हते.

बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, मुबारकभाई, आज कुठं जाऊन आलात, मक्केला का मंगळवारपेठेला. कुणी त्याला हवाई शिकलगार म्हणू लागलं. फायदा काय, हे तर प्रत्येकजण विचारायचा. मुबारक सांगायचा की फायदा काही नाही. लोकांना वाटायचं तो काहीतरी लपवतोय. उभी हयात फायद्याचंच काम केलेल्या माणसाने म्हातारपणी एक बिनफायद्याचं काम धरलं, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

एकच गोष्ट त्याला जमली नव्हती. विमान उतरवणं.

लोहगावचा विमानतळ जवळ आला, इमारती आणि धावपट्टी दिसू लागली की मशीनला धाप लागायची. चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. त्या उडीच्या मधल्या काळात विमान कुठेतरी आपटलेलं असायचं. मुबारक म्हणायचा की दोष मशीनचा. कामरान म्हणायचा की दोष हाताचा.

आणि हाताचा प्रश्न खेळापुरता नव्हता. वर्षभरापासून मुबारकचा उजवा हात थरथरत होता. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जन्मभर चाकाची थरथर अंगात गेली आहे, आता चाक सोडा. मागच्या हंगामात रखमाजी या जुन्या गिऱ्हाइकाच्या कोयत्याला धारेच्या मधोमध खाच पडली आणि रखमाजी पुन्हा आला नाही. कामरानने कोंढव्यात भाड्याची जागा घेतली होती. दुकान बंद करा, अम्मीला घेऊन पुण्याला चला, असं तो प्रत्येक खेपेला सांगायचा. जाहिदाचं, म्हणजे त्याच्या आईचं, मत वेगळंच होतं. ती म्हणायची की पुण्यात ह्ये दिवसभर बसून माझंच डोकं खातील, त्यापेक्षा चाकाला खाऊ देत.

शेवटी बापलेकांत ठरलं. मशीन हळू आहे हे कामरानला मान्य होतं. तो पुण्याहून जोरकस प्रोसेसर आणून बसवणार. मग चित्र अडकणार नाही आणि मशीनच्या नावाने खडे फोडायला जागा उरणार नाही. कामरानची पुण्याची एसटी सुटायच्या आत मुबारकने विमान लोहगावला उतरवून उभं केलं, तर दुकान राहील आणि कामरान तो विषय पुन्हा काढणार नाही. नाही उतरलं, तर भातकापणीचे विळे संपले की कोंढवा.

"एकदा का मशीन नीट चाललं," कामरान म्हणाला, "मग जे दिसंल ते तुमचं, अब्बा."

"तेच तर बघायचंय मला," मुबारक म्हणाला.

कापणीच्या तोंडावर एका रविवारी कामरान आला. येताना प्रोसेसर आणला, आणि विमानाला लागतो तसा एक जुना जॉयस्टिकचा दांडाही. वीज गेलेली होती. त्याने खिडकीपाशी मशीन उघडलं, जुना प्रोसेसर काढला, नवा कागदावर ठेवला आणि वीज कधी येणार याची चौकशी करायला खाली गेला.

मुबारकने तो प्रोसेसर हातात घेतला. काडेपेटीपेक्षा लहान. एका अंगाला सुयांसारख्या पायांच्या दाट रांगा. चांगलं काम होतं, कुणीतरी जीव लावून केलेलं. आणि ते कोरडं होतं. त्याने फळीखालची चिंधी आणली, चाकाच्या तेलात बुडवली आणि दोन्ही अंगांनी एकदा हलकेच फिरवली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तो कोयता असता तरी त्याने हेच केलं असतं.

कामरानने अंधुक उजेडात तो बसवला, वर पंखा चढवला, स्क्रू पिळले. बोटांना ओशट लागलं ते त्याला पंख्याखाली लावतात त्या पेस्टचं वाटलं. दुपारी वीज आली. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. कामरानने वायरी हलवल्या, पुन्हा दाबलं. काळाच. मग त्याने पंखा उतरवला, प्रोसेसर उचलला आणि नाकाशी नेला.

"अब्बा, याला काय लावलं?"

"तेल."

"तेल?"

"मग कोरडं ठिवायचं?"

कामरानने त्याला खिडकीत नेऊन दाखवलं. पायांच्या रांगेत काळी चुरी अडकली होती. धारेची चिंधी, तिच्यात कित्येक विळ्यांचं लोखंड झिजून बसलेलं. तेलाचं एवढं नाही, पण त्या चुरीने एक पाय दुसऱ्याला जोडला गेला तर प्रोसेसर जळतो, असं तो सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज चढत होता. जाहिदा आतून म्हणाली की तेल लावलंच आहे तर पापडही तळून घ्या. कामरान हसला नाही. प्रोसेसर गेला असेल तर शर्त तुम्हीच हरलात, असं त्याने बजावलं. मुबारकने माफी मागितली नाही. चूक झाली होती हे त्याला दिसत होतं. पण ज्या नियमावर तो जगला होता, त्या नियमाची लाज बाळगायला तो तयार नव्हता. तो मेडिकलच्या दुकानातून स्पिरिटची बाटली घेऊन आला आणि जाहिदाने दात घासायचा नवा ब्रश काढून दिला.

कामरान पायांची एकेक रांग साफ करत असताना सोनबा आला. सोनबा वेल्ह्याकडचा शेतकरी. मुबारक फिरस्ती करायचा तेव्हा त्याच्या पडवीत उतरायचा. मुबारकचं जाणं थांबल्यावर सोनबाच दर कापणीला नसरापूरला एसटी बदलून भोरला येऊ लागला. पोत्यात गुंडाळलेले घरचे विळे काखेत होते. दुकान उघडं आणि माणूस नाही, म्हणून तो थेट घरात आला. काय चाललंय ते जाहिदाने त्याला थोडक्यात सांगितलं. तो विळे मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसला आणि म्हणाला की मग धार लावायची का न्हाई, त्ये इमान ठरवनार तर.

 खरा प्रश्न तोच होता.

पुन्हा सगळं बसवलं. बटण दाबलं. या वेळी पडदा उजळला.

मुबारक खुर्चीवर ताठ बसला, दांडा टेबलावर. विमान उचललं. आणि त्याला लगेच कळलं की हे दुसरंच मशीन आहे. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. डोंगर आले, निळे डाग आले, वळण घेतलं, लोहगावची पट्टी समोर आली. इमारती दिसल्या. मशीनला धाप लागली नाही. काहीच अडकलं नाही. आणि त्या स्वच्छ, न अडकणाऱ्या चित्रात विमानाचे पंख डावी-उजवीकडे बारीक थरथरत होते. हात थरथरला की पंख थरथरत होते. जसा हात, तसे पंख. मशीन आता काहीही लपवत नव्हतं.

विमान पट्टीच्या कडेला आपटलं. त्याने पुन्हा उचललं. पुन्हा आपटलं. कामरान मघाशी रागावला होता, आता तो बापाच्या हाताकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"बास आता, अब्बा," तो हळू म्हणाला. "दमलात."

मुबारकने दांडा सोडला. उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे पाहिलं, रखमाजीच्या कोयत्याकडे पाहायला हवं होतं तसं.

"मशीनचा दोष नव्हता," तो म्हणाला. "हात थरथरतो."

कामरानला वाटलं संपलं. त्याने पिशवी उचलली.

मुबारकने दांडा उचलून जमिनीवर ठेवला. वायर कशीबशी पुरली. तो खाली बसला, गुडघे वर घेतले आणि दांड्याची बैठक दोन्ही तळपायांत घट्ट धरली. करवतीचे दात कानशीने घासताना तो करवत अशीच धरायचा. मग कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. मान वर करून पडद्याकडे बघितलं. असं कुठला पायलट बसतो, असं कामरान म्हणाला. जाहिदाने त्याला गप्प केलं.

विमान उठलं. पंख अजून थरथरत होते, पण कमी. डोंगर संपले. सोनबाने विचारलं की आमचं घर कुठशीक आलं. मुबारक म्हणाला की मागं गेलं, पडवीत टेकायला येळ न्हाई. पट्टी समोर आली. नाक खाली आलं, वर गेलं, पुन्हा खाली. चाकं टेकली, उसळली, टेकली. विमान पट्टीवरून तिरकं धावत सुटलं, डांबर संपलं, हिरवं आलं. मुबारकने दात आवळले होते. विमान गवतात थांबलं. एक पंख जरा कललेला, पण उभं.

कामरानने पडद्याकडे बोट केलं.

"अब्बा, हे गवतात हाय. पट्टीवर न्हाई."

"वेल्ह्यात डांबर कुठं हुतं?" मुबारक म्हणाला. "सारी उमर गवतातनंच चाललो. उभं हाय का न्हाई, तेवढं सांग."

कामरानने पिशवी पुन्हा खाली ठेवली, आईकडे चहा मागितला, आणि चहा पिताना कोंढव्याचं नाव काढलं नाही. एसटीच्या वेळी तो निघाला तेव्हा मुबारकने मशीनमधून निघालेला जुना प्रोसेसर त्याच्या हातात दिला, वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेला. कपट्यावर तेलाचा डाग उमटला होता. कामरानने तो डाग पाहिला. पुडी खिशात टाकली.

सोनबा अजून उंबऱ्याशीच होता, विळे मांडीवर. मुबारक जिना उतरून दुकानात जाऊन बसला. सोनबा मागोमाग गेला.

"ऐकलंस न्हवं तू," मुबारक म्हणाला. "हात थरथरतो माझा. चालत आसंल तर ठिव. न्हाईतर नसरापूरला ग्राइंडरवाला हाय."

सोनबाने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग पोतं सोडलं आणि विळे फळीवर मांडले.

त्या हंगामात मुबारकने येणाऱ्या प्रत्येकाला हेच आधी सांगितलं. काहींनी विळे उचलून परत नेले. त्याने कुणाला थांबवलं नाही. जे राहिले त्यांच्यासाठी त्याने फळीखाली एक ओंडका ठोकून घेतला, कोपर टेकवायला. वेळ दुप्पट लागायचा. वीज जायची, गिरणी थांबायची, आणि बोळात चाक फिरत राहायचं. धार लावून झाली की तो तेलाची चिंधी उचलायचा.