माझ्या ओट्यावरची भाकर

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी प्रार्थनेला माझ्याच घरी जमते. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या लोकांच्या घरांत माझाच हॉल त्यातल्या त्यात ऐसपैस, म्हणून. चौदा-पंधरा माणसं, एक पेटी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. येशूच्या आठवणीत सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेतात, त्या प्रभुभोजनाची भाकर मी करते. म्हणायची भाकर, असते ती बिनखमिराची, गव्हाची जाडसर पोळी. गेलं वर्षभर मी ती मळते, भाजते, रुमालाखाली झाकून ठेवते आणि खात नाही. मला मनाई आहे. मनाई करणारा माझा सख्खा मोठा भाऊ, मंडळीचा पुढारी.

कारण माझं काम. सकाळच्या गाडीने मी रोह्याहून पेणला जाते आणि हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते. बावीस वर्षं झाली. ख्रिस्ती असून हे कसं, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, हात माझा, श्रद्धा नेणाऱ्याची. दादालाही ते चालत होतं. मग मंडळीत एक नवी बाई आली. घरातले देव सोडले म्हणून तिचं माहेर तुटलं, सासरचं कुणी दारात उभं करेना. तिने एकदा दादाला भाबडेपणाने विचारलं, "मी सगळा सोडून आले, आन ताई तेच डोले काढतात, ता कसा चालतं?" पुढच्या रविवारी दादाने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं, ते काम सोडेपर्यंत भाकर-प्याला घेऊ नकोस.

"तिच्यासाठी?"

"व्हय गो. तिचा विश्वास अजून कवळा हाय."

"आन माझा काय जून झाला?"

तो हसला नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

काम सोडायचं तर मला ते आवडतं. हे मी मंडळीत कधी कबूल केलं नाही. पापणीची रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसतं. मंडळी सोडावी, तर ती भरते माझ्याच घरात. रविवारी जाऊ कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी राहून मी प्याला या हातातून त्या हातात जाताना बघायची. गाऱ्हाणं तरी कुणाकडे करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवरा कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि म्हणायचा, "तुमचा भावाबहिणीचा तुमी बघा."

आमच्यात वडिलांच्या काळापासून एक रीत आहे. भाकर मोडण्याआधी पुढारी विचारतो, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का? असेल तर त्या दोघांनी तिथल्या तिथे समेट करायचा. नाही झाला, तर दोघांनीही भाकरीला हात लावायचा नाही. सगळे माना खाली घालतात आणि भाकर मोडली जाते. कुणी कधी काही बोललेलं मला आठवत नाही.

यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी मी पडदा सारला. "हाय. माझ्या मनात हाय. दादाविषयी."

खोटं कशाला सांगू, मला समेट नको होता. मला त्याला कोंडीत पकडायचं होतं. बाराव्या वर्षापासून त्याची भाकर कधी चुकली नव्हती. ताप असला तरी कांबळं पांघरून यायचा. स्वतःचा घास जाईल म्हटल्यावर तो नरमेल, अशी माझी खात्री होती.

तो उठून माझ्यासमोर आला. "बोल." मी बोलले. वर्षभर साठलेलं सगळं, वरच्या पट्टीत, त्या नव्या बाईदेखत. ती रडायला लागली. तिचं रडणं बघूनही मी थांबले नाही, याची मला आज लाज वाटते.

"तुला एकटीला गाठून सांगितला, ता चुकला," दादा म्हणाला. "माफ कर. पन मत माझा तेच हाय. तुझा?"

"माझापन तेच."

"मग समेट नाय झाला."

"नाय."

तो ताट माझ्यापुढे करील किंवा मला हाकलून देईल, दोन्हीला मी तयार होते. त्याने ताट उचललं आणि मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशींच्या हातात दिलं. "तुमी मोडा. आमचा मिटला नाय." आणि येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, माझ्या शेजारी बसला.

तेव्हापासून दर रविवारी तेच. उपदेश तो करतो, आणि भाकरीची वेळ झाली की उंबऱ्यावर येतो. तिसऱ्या रविवारी मला बघवेना. मी हळूच म्हणाले, "तू जा, खा. मी शब्द मागं घेते."

"मनात काय नाय, असा सांगशील सगल्यांसमोर?"

तसं सांगणं खोटं ठरलं असतं. मनात होतं, अजून आहे.

रागाच्या जोरावर मी अख्खं वर्ष काढलं. आता तो जोरही गेला. काम सुटत नाही, मत बदलत नाही आणि त्याच्याकडे पाठही फिरवता येत नाही. मला एकटीला वगळलं होतं तेव्हा निदान दार तरी आपटता येत होतं.

गेल्या रविवारी मावशींनी ताट फिरवलं. दादाची नजर त्या ताटाबरोबर एकेका हातापर्यंत जात होती, शेवटच्या माणसापर्यंत. मग त्याने माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्याभांडं आणलं. अर्धं भांडं तो प्यायला आणि उरलेलं त्याने माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं आणि प्याले.