दादाचं धारोष्ण दूध

लालबागच्या आमच्या चाळीमागे एक काकी शेळ्या पाळायची. थोरला दादा तालमीतून आला की तिथेच उभ्याउभ्या पेलाभर कच्चं दूध प्यायचा, आचळातून थेट पेल्यात, कोमट आणि फेसाळ. त्याच्या अंगी लागावं म्हणून आईने हा रतीब लावलेला. मला मात्र घरातलं, तीनदा उकळलेलं. मी मागितलं की आई म्हणायची, "तुका काय कुस्ती खेळूची आसा?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तेव्हा सगळं लालबाग लोटायचं आणि नेमका तेव्हाच दादाला ताप येऊ लागला. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी सभेला निघायच्या वेळी हुडहुडी. आठवडाभर बरा, की पुन्हा तेच. क्विनाइन झालं, दृष्ट काढून झाली. मित्र म्हणाले, पोलिसांच्या लाठीला घाबरतो. मीही म्हणाले, "नाटकां पुरे कर." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

आईने दूध दुप्पट केलं. दादा आणखीच खंगला.

एकदा परळच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर काकीकडे आले, तर आईने त्यांनाच हाताला धरून वर आणलं. चाळ हसली. त्यांनी दादाला विचारलं, "सांधे दुखतात? घाम फार येतो? दूध कच्चं पितोस?" मग मागोमाग वर आलेल्या काकीकडे वळले. "शेळी गाभडली होती?"

"दोनदा," काकी म्हणाली. "पिल्लां मेलेलीच पडली. पण दूध बरा देता."

"तिचाच आजार दुधातून याला आलाय. उकळलं असतं तर आला नसता." त्यांनी मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. रक्त तपासलं, तेच निघालं.

आईने काकीचा रतीब त्याच दिवशी बंद केला. मुलगी म्हणून मला ते दूध नाकारलं, म्हणूनच मी वाचले होते. यावर रागवावं की हसावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंजेक्शनं कित्येक आठवडे चालली. ताप उतरला तो पुन्हा चढला नाही. इस्पितळातून दादा घरी आला त्या सकाळी आईने एकाच पातेल्यातलं उकळलेलं दूध आम्हा दोघांच्या पेल्यांत सारखं ओतलं.

"दादा, तू नाटकां करी नव्हतंस," मी म्हणाले.

"म्हायत आसा माका," तो म्हणाला आणि आपल्या पेल्यातली साय माझ्या पेल्यात टाकली. "संध्याकाळी सभेक येतंस?"