डाव्या हाताचा सॅल्यूट

लेकीने टीव्हीवर तो जुना युद्धपट लावला. शेवटी नायक उजव्या हाताने कडक सॅल्यूट ठोकतो. मी म्हणाले, "हे चुकलंय."

लहानपणी आमच्या गावच्या मैदानात कापडी पडदा बांधून हाच सिनेमा दाखवला होता. पुरुष समोर बसले, आम्ही बायकापोरी पडद्याच्या मागे. मागून सगळं आरशातल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे आमच्या नायकाने सॅल्यूट केला तो डाव्या हाताने. अगदी माझ्या मामासारखा! मामा लढाईतून उजवा हात गमावून आला होता. शेजारी बसलेली मामी एकदम ताठ झाली. म्हणाली, "बघ गं, आपल्या माणसासारखा करतोय."

पुढे मी मूळ कादंबरी वाचली. तिच्यातला नायकही उजवा हात गमावूनच घरी येतो आणि शेवटी डाव्या हाताने सॅल्यूट करतो. सिनेमावाल्यांनी त्याला धडधाकट ठेवला, पोस्टरवर शोभावा म्हणून.

"आई, तुम्ही सगळ्या उलटं बघत होतात," लेक हसली.

उलटं? अख्ख्या मैदानात खरा शेवट फक्त आम्हाला दिसला होता! मी टीव्हीकडे पाठ केली, खुर्ची कपाटाच्या आरशासमोर ओढली आणि लेकीला म्हटलं, "शेवट परत लाव."