भाऊजींच्या चौकटी

जगात करण्यासारखं जे काही आहे ते कुणीतरी आधीच करून ठेवलंय, आपण त्याला फक्त चौकट बसवायची, असं माझ्या धाकट्या दिरांइतकं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये मिळायचा नाही. भाऊजी अंधेरीच्या एका कंपनीत मोबाइलची अ‍ॅप्स बनवतात. म्हणजे रिकामी चौकट बनवतात आणि तिच्यात दुसऱ्याची वेबसाइट आणून बसवतात. या चौकटीला ते वेबव्ह्यू म्हणतात, आणि देवाचं नाव घ्यावं तसं म्हणतात. घरीही तेच. पेपर शेजाऱ्यांचा, क्रिकेट समोरच्या बिल्डिंगमधल्या टीव्हीवर, जेवण माझ्याकडे. एकदा म्हटलं, "भाऊजी, स्वतःचं असं कधी काही करणार?" तर म्हणाले, "तुमच्या हातचं असताना मी कशाला करू वहिनी? झकास चाललंय ना!"

आमच्या कुटुंबासाठीही त्यांनी असंच एक अ‍ॅप केलं. वीजबिल, गॅस, गावच्या देवळाची वेबसाइट, सगळ्याला एकेक चौकट. माझ्या मुलीचा, सईचा, कोकणातल्या मत्स्यशास्त्राच्या कॉलेजचा प्रवेशअर्जही मी भाबडेपणानं त्यातच भरला. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत, आणि मार्कशीट जोडायचं बटण दाबलं तर काही होईचना. दुसरीकडून उघडावं तर साइट म्हणे, तुम्ही आधीच आत आहात. वर्षभर दुसऱ्या कॉलेजचं नावही न काढलेली पोर रडायला लागली. मी वरच्या मजल्यावर फोन करून भाऊजींना जेवण बंद करायची धमकी दिली. लॅपटॉप छातीशी धरून ते जिना उतरत आले.

"फाइल निवडायची सोय द्यायलाच विसरलो मी. वाट लावली वहिनी!"

"ते नंतर. आधी करा!"

माझा फोन केबलनं जोडून ते लिहीत बसले. दुसऱ्याचं काही न उचलता त्यांना काम करताना मी प्रथमच पाहत होते, आणि घाम तर असा की टॉवेल द्यावा लागला. पाचला सात मिनिटं असताना बटण दाबलं आणि फोनमधले फोटो उघडले. मार्कशीट गेली, अर्ज गेला. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरच वाटलं असेल. सई काकाच्या गळ्यात पडली, आणि काका म्हणाले, "आता जेवण चालू ना?"

प्रवेश मिळाला. सई होस्टेलला गेली आणि दोन खोल्यांचं घर उगाच मोठं वाटायला लागलं. आठवड्यानं पाहते तर अ‍ॅपमध्ये आणखी एक चौकट: होस्टेलच्या मेसमधला रोजचा मेनू. विचारलं तर भाऊजी मान वर न करता म्हणाले, "कॉलेजच्या साइटवर होतंच. मी काय केलं त्यात?"

आता सकाळी चहाआधी मी ते पान उघडते. आज तिकडे कारल्याची भाजी आहे. सईला कारलं अजिबात चालत नाही, आणि चौकटीतून डबा देता येत नाही.